ओटी परत कोण देणार?

गाव सुटलं त्या दिवशी ट्रक उताराला लावलेला आणि सगळं गाव देवळात होतं. भांडीकुंडी, दारांच्या चौकटी, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं चढवून झालेलं. राहिली होती फक्त देवी. आमचे आबा तिचे गुरव. त्यांनी पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवून कौल मागितला. उजवी पडली तर देवी आमच्याबरोबर नव्या वसाहतीत येणार, डावी पडली तर इथंच राहणार. बऱ्याच वेळानं एक कळी पडली आणि अर्धं गाव ओरडलं, "उजवी! उजवी!"

आबा म्हणाले, "आपली उजवी ती. देवीची डावी हाय. आई येत न्हाय."

यावरून वसाहतीतली म्हातारी अजून भांडतात. पुण्याला, दुबईला गेलेले तुम्ही आपल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या भांडणाला हसणारी तोंडं टाकता. खुशाल टाका. पण देवी राहिली म्हणून आपल्याला परत जायला निमित्त राहिलं, एवढं ध्यानात असू द्या.

धरण भरलं तशी भातखाचरं गेली, शाळा गेली, विहीर गेली. वरची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली आणि तिचं बेट झालं. त्यावर देऊळ, मळणीचं खळं आणि काही घरांची जोती. आम्ही पेठ वडगावजवळ वसाहतीत आलो. चहूकडं सपाट ऊस. माझी आई दारात उभी राहून म्हणायची, "हितं नजर टेकवायला डोंगुर न्हाय की गं." ती शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली.

लग्न होऊन मी कसबा बावड्यात आले. आता सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मालक गेले, मुलगा हैदराबादला. कारखाना सुरू झाला की मळीचा वास किचनपर्यंत येतो. लिफ्टमध्ये कुणी गाव विचारलं तर मी वडगाव सांगून मोकळी होते. खरं नाव घेतलं की "हे कुठं आलं?" असा प्रश्न येतो, आणि त्याला "पाण्यात" असं उत्तर द्यावं लागतं. माणसांत राहते, पण त्या गावाचं नाव दिवसदिवस कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पूर्वी उन्हाळ्यात आम्ही सगळ्या माहेरवाशिणी होडीनं देवीची ओटी भरायला जायचो. होडीत हा गोंधळ! मग कुणाचे गुडघे धरले, कुणाच्या सुना नको म्हणाल्या. आबाही गेले. यंदा ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी एकटीच निघाले.

परवानगी लागते आता. वनखात्याची एक तरुण वनरक्षक, नगरकडची, माझ्याबरोबर होडीत बसली. काठाच्या चिखलात गव्यांचे खूर उमटले होते. पाणी उतरलं की ते पोहून चरायला येतात म्हणाली. देवळाच्या पायरीवर माशांच्या खवल्यांचा ढीग होता. पाणमांजरं तिथं बसून जेवतात. खळ्याकडं वळले तर तिनं हात आडवा केला. उघड्या जमिनीवर नदीसुरय पक्ष्यांची अंडी होती, खड्यांसारखीच दिसणारी. ज्या खळ्यावर आम्ही भात झोडपलं, तिथं मला पाऊल टाकायची बंदी! राग आला आणि बरंही वाटलं. कुणाचा तरी संसार चालू होता.

मी खण, नारळ, तांदूळ ठेवून ओटी भरली आणि पदर पसरून बसले. मग लक्षात आलं, की ओटी परत कोण देणार? आपल्याकडं गुरव देवीच्या वतीनं त्यातले तांदूळ आणि नारळ लेकीच्या पदरात परत घालतो. आबा घालायचे. आपल्या हातानं उचलले तर ते नुसते तांदूळ. आणि माहेराहून लेक रिकाम्या पदरानं निघत नाही. मी तशीच बसून राहिले. आपलं माहेर आज संपलं, असं मनात आलं आणि रडू फुटलं.

वनरक्षक दाराशी आली. "बाई, हे इथं ठेवता येणार नाही. तांदळाला कावळे येतात आणि मग अंडी खातात. परत न्यावं लागेल."

मी हललेच नाही. तिला वाटलं असावं, म्हातारी हट्टाला पेटली. तिनं बूट काढले, आत आली, खाली वाकून तांदूळ ओंजळीत गोळा केले आणि माझ्या पसरलेल्या पदरात टाकले. वर खण ठेवला, नारळ ठेवला.

"रागावू नका," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पिल्लं उडून गेल्यावर या, म्हणजे खळ्यापर्यंत सोडते."

आपण काय केलं, ते तिला माहीत नाही. मीही सांगितलं नाही. माझं माहेर आता सरकारचं आणि पाखरांचं आहे, अर्ज करून जायचं. पण तिथून निघताना माझा पदर भरलेला होता, आणि कुणीतरी मला 'या' म्हणालं होतं. तेवढ्यावर मला वर्ष काढायचं आहे.