मंगळवारी गेलेली कात्री

बुधवारी सकाळी महानंदाबाईंनी पार्लरचं शटर वर केलं, उदबत्ती लावली आणि कंगवा शोधायला म्हणून रक्षिताचा खण उघडला. कंगवा होता, पण कात्री नव्हती. कात्री गुंडाळायचं निळं फडकंही नव्हतं.

या धंद्यात नोकरी सोडणारी मुलगी राजीनामा लिहीत नाही, आपली कात्री घेऊन जाते. मल्लेश्वरममध्ये बावीस वर्षं पार्लर चालवून बाईंना एवढं पक्कं ठाऊक झालं होतं. खुर्च्या-आरसे मालकिणीचे, कात्री मात्र जिची तिची. मंगळवारच्या सुट्टीलाही ती खणातच राहते.

"गेली," बाई आरशातल्या स्वतःला म्हणाल्या.

रक्षिता आठ वर्षांपूर्वी आनेकलहून आली, तेव्हा तिला नुसते केस धुता यायचे. आता गिऱ्हाइकं "रक्षिता आहे ना?" असं विचारूनच वेळ घेत. दोन वर्षांपूर्वी बाईंचं मनगट दुखायला लागलं आणि त्यांनी केस कापणं सोडलं. मनगट कधीच बरं झालं, पण गल्ल्यावरची खुर्ची काही सुटली नाही. तिथून वेळा लिहायच्या आणि सूचना करायच्या. सूचना करण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या मल्लेश्वरममध्ये कुणी नव्हतं.

शनिवारी हीच जीभ नडली होती. पार्लर भरलेलं. पुण्याहून नोकरीसाठी आलेली स्मिता रक्षिताच्या खुर्चीत होती. मध्येच ती "आई गं!" म्हणून ओरडली. केस कापले जाण्याऐवजी ओढले गेले होते, आणि टोकंही वरखाली झाली होती.

"लक्ष कुठे आहे तुझं?" बाई गल्ल्यावरून गरजल्या.

"अक्का, कात्री..." रक्षिता हळूच म्हणाली. इतक्या वर्षांत मराठी तिला चांगली येऊ लागली होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळं पार्लर हसलं. रक्षिताचे कान लाल झाले. स्मिताला बुधवारी अकराला बोलावलं, टोकं फुकट सारखी करून देऊ म्हणून सांगितलं, आणि बाईंच्या लेखी विषय मिटला.

तो मिटला नव्हता, हे आता त्या रिकाम्या खणापुढे उभं राहून कळत होतं. सगळ्या कात्र्यांना धार लावून घेणं बाईंकडे होतं, आणि सायकलवरून येणारा धारवाला तीन महिने फिरकला नव्हता. दुसरा कुणी बघा, असं रक्षिता तीनदा म्हणाली होती. बाई तीनदा कानडीत "सरी" म्हणजे बरं, "बघते", असं म्हणाल्या होत्या, आणि बघितलं एकदाही नव्हतं.

भुवया कोरणारी सौम्या आली. "रक्षिता काही बोलली का गं तुला?" बाईंनी सहज विचारल्यासारखं केलं.

"नाही अक्का. का?"

"काही नाही. टॉवेल वाळत घाल."

बाईंनी फोन उचलला आणि ठेवला. मालकिणीने आधी नमायचं? हेब्बाळला नवं मोठं पार्लर निघालंय आणि त्यांना चांगल्या हाताच्या मुली हव्यात, असं परवाच कुणीतरी सांगत होतं. दहा वाजता त्यांचा ताठा गळून पडला. त्यांनी फोन लावला. तो बंद होता. मग मात्र त्यांना रडूच फुटायचं बाकी राहिलं.

अकराला पाच कमी असताना स्मिता आली. पाठोपाठ दोन बायका येऊन बाकावर बसल्या. स्मिता पर्स खुंटीला अडकवत असतानाच दार ढकलून धापा टाकत रक्षिता आत शिरली.

"सॉरी अक्का, होसूर रोडला बस अडकली. फोनचं चार्जिंगही संपलं." तिने पिशवीतून निळं फडकं काढून उलगडलं. आत दोन कात्र्या होत्या. "आमच्याकडे आनेकलला फॅक्टरीतल्या हत्यारांना धार लावणारे एक काका आहेत. परवा रात्री जाताना बरोबर नेल्या, काल सुट्टीत त्यांना दिल्या. आज सकाळी मिळाल्या."

दुसरी कात्री काळ्या मुठीची होती. बाईंची स्वतःची.

"तुमच्या खणात गंजत पडली होती," रक्षिता म्हणाली. "मनगट बरं आहे ना आता? शनिवारी मला एकटीला झेपत नाही अक्का."

काखेत कळसा नि गावाला वळसा! शेजारचाच आपला खण उघडला असता, तर आपलीही कात्री गेलेली दिसली असती आणि धारेचं तेव्हाच उमगलं असतं. पण दोन वर्षांत तो उघडायची वेळच आली नव्हती. बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या पुढ्यातल्या खुर्चीत मटकन बसल्या.

गप्प बसून भागलं असतं. रक्षिताने काही मागितलं नव्हतं. पण ओरडताना आपण भरल्या पार्लरात ओरडलो होतो, हे बाईंच्या मनातून जाईना. बाकावरच्या दोघींनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "स्मिता, शनिवारी हिचा हात चुकला नव्हता. कात्रीला धार नव्हती. ती लावून घ्यायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. अंगण खरंच वाकडं होतं."

कुणी हसलं नाही. रक्षिताने कात्री दोनदा हवेत चालवून पाहिली. डोळे तिने पुसले, पण टॉवेल झटकण्याच्या निमित्ताने.

"सरी अक्का, आता उठा," ती म्हणाली. "त्या खुर्चीत स्मिता मॅडमना बसायचंय."

बाई उठल्या. त्यांनी काळ्या मुठीची कात्री हातात घेतली आणि बाकाकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी आधी कोण येतंय माझ्याकडे?"