दारावरची कोरफड

"वैनी, दारावरची कोरफड कुणी कापली?" लोह्याच्या आमच्या घरात आत्या अशी ओरडली, की विष्णुपुरीच्या धरणातले मासेसुद्धा बुडाशी गेले असतील.

परवा नांदेडच्या दुकानातल्या पोरीनं नमुना म्हणून माझ्या मनगटावर कोरफडीचं जेल चोळलं, आणि तीच आत्या पुन्हा कानात ओरडली. तिला जाऊनही आता कैक वर्षं झाली.

ती कोरफड बाबांनी वारण्याच्या थोडं आधी टांगली होती, घराला नजर लागू नये म्हणून, मुळं वर करून. माती नाही, पाणी नाही, तरी अशी फोफावली की पाहुण्यांना रांगत आत यावं लागे. नवं पान फुटलं की आत्या म्हणायची, "दादा हाय इथंच." मी त्या दारातून मान खाली घालून पळायचे.

त्या दुपारी उकळतं दूध माझ्या हातावर सांडलं. मी रडले, तर तीन वाड्यांची माणसं गोळा झाली. आईनं कोरफड उतरवली, होती नव्हती ती सगळी पानं विळीवर चिरली आणि गर माझ्या हातावर थापला. दुकानातलं जेल गुलाबाच्या वासाचं होतं. त्या गराला कडू वास होता, आणि खोटं सांगत नाही, गार बोटं होती. मी गारव्यानं गप्प झाले की त्या बोटांना भिऊन, हे मला अजून कळलेलं नाही.

"दादाच्या हातचं तेवढंच उरलं होतं, वैनी."

आई विळी धूत होती. "पोरगी बी त्याचीच हाय," ती म्हणाली.