पाळण्यातला वरवंटा

"मेलीस काय गो?" मी ओरडले.

"नाय," पाळण्याखालून आवाज आला. "पण वाल सांडले."

माझी धाकटी जाऊ जमिनीवर, तिच्या अंगावर आमचा जुना लाकडी पाळणा आडवा, आणि भोवती मोड आलेले वाल नि फुटलेले बल्ब. सून आतून धावत आली. आधी काकीकडे गेली, मग पाळण्याकडे. क्रम बरोबर होता, हे मी बघून ठेवलं.

सून हमरापूरची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. मूर्तीचे डोळे रेखावेत तर तिनेच. लग्न होऊन पेणला आमच्याकडे आली आणि तिला जुन्या सामानाचा नाद लागला. तांब्याच्या बंबाचा तिने दिवा केला. जात्यावर काच ठेवून टेबल केलं. मोडक्या पेटाऱ्याची खुर्ची केली, ती दिसते छान, बसवत नाही. आम्ही वैतागून माळ्यावर फेकलेलं ती पुसूनबिसून बाहेरच्या खोलीत मांडते. शेजारणी विचारतात, "सून काय करते?" मी सांगते, "आमचंच भंगार आम्हाला परत देते."

पाळणा हे तिचं पहिलं मोठं काम. रोह्याच्या एका बाईंना नव्या बंगल्यात जेवणाच्या टेबलाच्या वर टांगायला दिवा हवा होता. त्या दुपारी त्या बघायला येणार होत्या. आवडला तर अख्ख्या बंगल्याचं काम मिळणार. नाही आवडला तर सून हा नाद सोडून नागोठण्याला कंपनीत लागणार, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

पाळण्याच्या दांड्यांना तिने आतून बल्ब लावले होते. उजेड कसा पडतो ते बघायला तो नुसत्या दोरीने वाशाला टांगला होता. साखळ्या मागाहून लावायच्या होत्या.

आता रिकामा पाळणा टांगू नये, हे आमच्याकडे पोरींनाही ठाऊक. बारशाला आधी वरवंटा निजवायचा, मग पोर. सुनेचं म्हणणं, हा आता पाळणा नाही, दिवा आहे. जावेची पोरं त्याच पाळण्यात वाढलेली, तिला हे कुठलं पटायला! सून आंघोळीला गेली तेवढ्यात तिने माझा वरवंटा जुन्या लुगड्यात गुंडाळून आत निजवला आणि वाल सोलायला बसली. त्या दिव्याला रोज नावं ठेवायची, पण उजेड चांगला म्हणून बसली त्याच्याच खाली.

दोरी तुटली. पाळण्याची कड तिच्या खांद्याला घासून गेली. वरवंटा लुगड्यात अडकून आतच राहिला, म्हणून डोकं वाचलं.

"काकी, असं का केलंत?" सून रडकुंडीला आली.

"रिकामा कसा ठेवायचा गो? अपशकुन नाय का?"

"आणि हा काय शकुन झाला?" मी विचारलं.

पाळण्याची एक बाजू निखळली होती. सुनेने नाक पुसलं आणि लोखंडी पट्टी ठोकायला घेतली. पट्टी अर्धी बसली नाही तोच बाई दारात हजर. त्यांनी आत वाकून बघितलं.

"हे काय?"

"बाळ हाय," जाऊ म्हणाली. "अंगाने जरा जड हाय."

सुनेने कपाळाला हात लावला. बाईंनी लुगडं बाजूला केलं, वरवंटा बघितला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई सकाळपासून म्हणतायत, जेवताना डोक्यावर रिकामा पाळणा नको. हे वजन पेलेल असा करून द्या. हा आतच राहू दे."

"तो माझा आहे," मी म्हटलं. माझं कोणी ऐकलं नाही.

पाळणा आता जाड साखळ्यांनी रोह्याला टांगलाय. बंगल्याचं बाकी काम चालू आहे, आणि सून नागोठण्याचं नाव काढत नाही. मी वाटण मिक्सरमध्ये करते. बिरड्याला पूर्वीची चव नाही, हे मी दर जेवणाला सांगते.

पाळणा पडला तेव्हा त्याच्याखाली माझी जाऊ होती. ती जगली. गेला तो माझा वरवंटा.