बोलिव्हियाची माशी आणि धाराशिवची माणसं

"हा महारोग नाही," सोलापूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. मग त्यांनी हातातली काचपट्टी खाली ठेवली. "कानाच्या पाळीतून नमुना घेतला होता, त्यात महारोगाचे जंतू नाहीत. नाकातला कण कापून तपासला त्यात दुसरेच सापडले. लेश्मानिया म्हणतात त्यांना. तुम्ही काळा आजार ऐकला असेल, बिहार-बंगालकडं असतो. त्याच जातीतला हा जंतू, पण हा नाक-घसा खातो. वाळूमाशी नावाची बारीक माशी चावली की होतो. माणसापासून माणसाला होत नाही."

माझे यजमान शेजारी नाकाला रुमाल लावून बसले होते. त्यांचे खांदे एकदम खाली आले. मला मात्र आनंद झाला नाही. धाराशिवची एकेक तोंडं डोळ्यांपुढं आली आणि किळस आली.

घरात कुणाला न भरणारा व्रण झाला असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचून त्यांच्यात काही फरक पडेल, असं मला वाटत नाही.

हे शेतकी खात्यात होते. भुईमुगाचं काम. सरकारनं त्यांना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवलं. शिक्षण संपल्यावर माणसानं घरी यावं की नाही? यांनी एका पंजाबी सोबत्याला बरोबर घेतलं, पाठीला कॅनव्हासची पिशवी अडकवली आणि दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात पायी हिंडायला गेले. कारण काय, तर भुईमूग मूळचा तिकडचा, त्याचं रानटी झाड बघायचं होतं. तेरला, आमच्या गावी, रानात भुईमूग गुडघ्याएवढा उभा होता, तो बघायला यांना सवड नव्हती.

परत आले तेव्हा कोपराखाली एक वाळलेला व्रण होता, कागद चिकटवल्यासारखा. "काटा लागला होता," म्हणाले. मीही सोडून दिलं.

त्यानंतर आमच्या ओसरीवर रोज बैठक भरायला लागली. वकील यायचे, मास्तर यायचे, कचेरीतले कारकून यायचे. आळीतले आमचे डॉक्टर तर सगळ्यांत पुढं बसायचे. हे सांगायचे ते बर्फाचे डोंगर, विरळ हवेत फुटणारं डोकं, मालाच्या ट्रकवर पोत्यांवर बसून केलेला कड्याकडचा प्रवास, खाली धुकं आणि चाकाची एक बाजू अधांतरी. मंडळी माना डोलवायची. मी आत चहा उकळत बसायची. शाळेत यांचं भाषण झालं, हार घातला. धाराशिवचं नाव काढलं म्हणे.

वर्षभरानं यांचं नाक चोंदायला लागलं. मग खपली धरायची, रक्त यायचं. शेंडा लाल होऊन सुजला. औषधाचे थेंब झाले, काढे झाले. नाकाच्या आतला पडदा झिजतोय, हे आरशात आम्हालाच दिसत होतं.

आमच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. ज्या माणसानं महिनोन् महिने पुढं बसून बोलिव्हिया ऐकला, त्याला हा रोग तिकडचा असेल हे एकदाही सुचलं नाही. त्यांनी महारोगाच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळवलं. रोग ओळखता आला नाही तरी बातमी देता येते.

ओसरी एका दिवसात रिकामी झाली. दूधवाला भांडं उंबऱ्याबाहेर ठेवायला लागला. घरमालकांनी, ज्यांनी शाळेत हार घातला होता, त्यांनीच गच्चीवरून सांगितलं, "सुमनताई, गैरसमज नको, पण लेकराबाळांचं घर आहे." त्यांना खाली येऊन बोलायचीही छाती झाली नाही.

तेरहून थोरल्या दिरांचा निरोप आला, की वाटणीचं धान्य पाठवतो, गावाकडं येऊ नका. तुळजापूरहून माझे वडील आले. ते शिक्षक. आरोग्याचा धडा वर्गात शिकवणारे. ओसरीच्या पायरीवरच उभे राहिले.

"चल घरी. इलाज होईस्तोवर," ते म्हणाले.

"आणि यांचं?"

"त्यांचं सरकार बघेल. सरकारी नोकर आहेत ते."

"दादा, पाणी तरी घ्या," मी म्हटलं.

त्यांनी घेतलं नाही. एसटीची वेळ झाली म्हणाले. ती झाली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही सोलापूरला गेलो. तिथं त्वचारोग विभागाबाहेरच्या बाकावर आम्हाला बसवलं. दोन-तीन दिवस नुसते नमुने. कानाच्या पाळीला चीर देऊन पाणी काढलं, नाकातून बायॉप्सी घेतली. बायॉप्सी म्हणजे आतल्या मांसाचा कण कापून तपासणं. डॉक्टर तरुण होते, फारसे हसरे नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो अख्ख्या धाराशिवात कुणी विचारला नव्हता.

"कुठं कुठं राहिला होतात? भाषणातलं नको. झोपलात कुठं, खाल्लंत कुठं, ते सांगा."

मग पहिल्यांदा यांनी खरा बोलिव्हिया सांगितला. डोंगर उतरून खाली गेल्यावर दमट रान लागलं. तिथं हे तापानं पडले, पंजाबी सोबती पुढं निघून गेला. एका खोपटातल्या बाईनं यांना ठेवून घेतलं. भाषा येत नव्हती. हातावरचा फोड ती रोज उकळलेल्या पाण्यानं धुवायची, वर कसला तरी पाला बांधायची. उकडलेले कंद भरवायची.

"तिच्या नवऱ्याचं नाक झडलेलं होतं," हे म्हणाले. "निम्मं. बोलला तर शब्द नाकातूनच निसटायचे."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "हे आधी कुणाला सांगितलंत?"

"नाही. त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही."

मला त्या क्षणी यांचाही तिटकारा आला. कडे सांगितले, बर्फ सांगितला, आणि जे सांगायचं ते गिळून बसले, कारण त्याला टाळ्या पडल्या नसत्या. म्हणून सांगते, डॉक्टरांपुढं मोठेपणा मिरवू नका. कुठल्या घाणीत झोपलात ते आधी सांगा.

इलाज म्हणजे अँटिमनीची इंजेक्शनं, शिरेतून, रोज. अँटिमनी हा धातू आहे. पूर्वी डोळ्यांत घालायच्या सुरम्यात तोच असायचा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, औषध जवळजवळ विषच आहे, रोगाला मारताना माणसालाही त्रास देईल. तसंच झालं. उलट्या. सांधे असे दुखायचे की चादर अंगावर सहन व्हायची नाही. मधूनमधून कार्डिओग्राम काढायचे, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. एकदा तो बिघडला आणि इंजेक्शनं बंद ठेवली. त्या आठवड्यात हे भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे.

त्याच आठवड्यात थोरली जाऊ, गोदावहिनी, तेरहून एकटीच आली. डोक्यावर गाठोडं. वॉर्डाच्या दारात तिनं चपला काढल्या आणि सरळ यांच्या खाटेवर बसली.

"भाऊजींनी पाठवलं?" मी विचारलं.

"ते कशाला धाडतेत. म्या कुनाला इचारलं न्हाय." तिनं भाकरी मोडली, दुधात कुस्करली, बोटानं यांना भरवली. मग त्याच वाटीतलं उरलेलं स्वतः खाल्लं.

"वहिनी, डॉक्टर म्हणतात हा लागण्यासारखा नाही," हे म्हणाले.

"मला काय ठाव लागतंय का न्हाय," ती म्हणाली. "भूक लागली व्हती. लई लांबची गाडी."

चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत मी पहिल्यांदा सलग झोपले. आभार मानायचेत ते त्या डॉक्टरांचे आणि हिचे. बाकी कुणाचे नाहीत.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली आणि हळूहळू नाकातलं रक्त थांबलं. नाकाचा शेंडा मात्र बसला तो बसलाच. आवाजही गेंगाणा झाला. "पुढची दोन-तीन वर्षं दाखवत राहा," डॉक्टर म्हणाले, "हा परत उठू शकतो."

धाराशिवला परत आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. आमच्या डॉक्टरांनीच पुन्हा पसरवली होती. या खेपेला म्हणे, मला आधीच शंका होती. घरमालक खाली उतरले. मास्तर आले, वकील आले. ओसरीवर पुन्हा सतरंजी अंथरू का, असं कुणीतरी विचारलं. परदेशातला रोग म्हटल्यावर त्यालाही जरा मान आला होता.

मी दारातच उभी राहिले. "त्यांना बोलायला त्रास होतो," म्हटलं. "आणि मला ऐकायला." त्यानंतर कुणी आलं नाही. वडिलांच्या घरी मी गेले, पण तिथं पाणी मागितलं नाही.

लोक बदलले असं मी म्हणणार नाही. बदलले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या नाकावर फोड आला तर हेच लोक पुन्हा हेच करतील. बदललं ते माझं. पूर्वी मला वाटायचं, घरदार सोडून परक्या मुलखात हिंडणारा माणूस मूर्ख असतो, आपल्या माणसांत राहणारा शहाणा. आता ती खात्री उरली नाही. ज्या बाईला यांचं नावसुद्धा उच्चारता येत नव्हतं, तिनं घरात घेतलं. ज्यांनी हार घातले, त्यांनी घराबाहेर काढायची तयारी केली.

परवा हे अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुला राग येईल. पण मला परत एकदा तिथं जावंसं वाटतं. त्या बाईला भेटावं, तिच्या नवऱ्याला औषध मिळवून द्यावं."

राग यायला हवा होता. मी थोडा वेळ वाट पाहिली, आला नाही.

"ती कॅनव्हासची पिशवी पाठीवर बायकांना पेलते का हो?" मी विचारलं.

यांनी शेंग तशीच हातात धरली आणि मान वर केली.

"पेलते," ते गेंगाण्या आवाजात म्हणाले. "पण लुगडं नेसून चालताना जरा अडचण होईल."

"मग ते मी बघते," म्हटलं, आणि त्यांच्यापुढचं सूप ओढून फोडलेल्या शेंगा पाखडायला बसले.