हृदयाची सोनोग्राफी

आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. बायको सुमन आत मशीनवर, मी बाहेर बाकावर. गुलबर्ग्याच्या त्या डायलिसिस सेंटरवर माझी तीन वर्षं अशी गेली. तिथं पेपर वाचून संपतो, डोळा लागत नाही, मग किस्से साठत जातात. सुमन आता नाही. किस्से आहेत.

*

खजुरीचे बसप्पा अण्णा आमच्याच पाळीचे पेशंट. मशीनवर घेण्याआधी वजन करतात, अंगात किती पाणी साठलं ते कळावं म्हणून. जास्त भरलं की सिस्टरची बोलणी! एकदा अण्णांनी चपला काढल्या, टोपी काढली, शेवटी कवळी काढून माझ्या हातात दिली.

सिस्टर म्हणाली, "अण्णा, कवळी तीन किलोची न्हाई!"

*

किडनी गेली की हृदयावर ताण येतो. म्हणून डॉक्टरांनी अण्णांना इको करायला सांगितला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी यायचं. अंगात पाणी कमी असतं, हृदय नीट दिसतं. अण्णांनी याआधी केलेली सोनोग्राफी पोटाची, भरपूर पाणी पिऊन करायची. त्यामुळे बसस्टँडवरच दोन बाटल्या पाणी पिऊन आले!

"असं कामून केलाव, अण्णा?" सिस्टरनं विचारलं.

"वर्षातनं पहिल्यांदा पोटभर प्यालो, बाई. उद्या परत करायची का तपासणी?"

*

पायापर्यंत रक्त नीट पोचतंय का, हेही बघतात. नवा तरुण डॉक्टर खाली वाकला आणि अण्णांच्या पावलावरची नाडी चाचपू लागला. अण्णांनी सवयीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हा, बाळा!"

"राहतो, अण्णा. आता दुसरा पाय द्या."

*

सुमनला मी किडनी देणार होतो. माझ्या सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या, त्यासाठी सांगितलेलं वजनही मी उतरवलं होतं. तिचं हृदय ऑपरेशन सोसेल का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

इकोचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला. "पंपिंग फार कमी आहे. ऑपरेशन नाही करता येणार."

सुमननं पदर सावरला.

"म्हंजे डॉक्टर, ह्यांच्या दोन्ही किडन्या ह्यांच्यापाशीच ऱ्हातेत नव्हं?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

"चला मग," ती मला म्हणाली, "खाली गाड्यावर भजी खाऊ. वजन उतरवायच्या नादात सहा महिने उपाशी हाव तुम्ही!"