सतरा नंबरची ओळ

साहेब दुपारच्या गाडीने कारंज्याला उतरणार होते, आणि सकाळी नऊला गयाबाई म्हणाली, "भाऊ, ह्या कापसाची वात होऊन नाही राह्यली."

गयाबाई आमच्या सरकारी बीजफार्मवर कापूस वेचायला यायची. मी तिथला फील्ड असिस्टंट. सतरा नंबरची ओळ माझी. दोन वाणांच्या संकरातून ती निघाली होती. तीन वर्षं मी तिच्यातलं सगळ्यात जास्त बोंडांचं झाड निवडायचो आणि त्याचंच बी पुढे पेरायचो. उत्पन्न शेजारच्या ओळींपेक्षा कितीतरी वर. रुईचा उताराही, म्हणजे सरकी काढल्यावर हाती येणारी रुई, भरघोस. त्या दिवशी साहेबांची सही झाली की तेच बी गावोगाव वाटलं जाणार होतं.

"काहून होत नाही?"

"तुटून राह्यली ना. बाजूच्या ओळीची पाहा." तिने तळहातावर दोन वाती वळल्या. एक लांब झाली. सतराची मधेच सुटली.

धाग्याची लांबी मी पहिल्याच वर्षी मोजली होती. नंतर रिपोर्टात तोच आकडा उतरवत गेलो होतो.

ऑफिसात पळालो. सरकीवरचे तंतू फणीने दोन्ही बाजूंना विंचरायचे आणि पट्टीने मोजायचे, एवढंच काम. पहिली सरकी आखूड. दुसरीही. वाटलं, माझीच फणी चुकतेय. वीस झाल्या. घामाने तंतू बोटांना चिकटायला लागले. बोंडं वाढत गेली तसा धागा आखूड झाला होता. आखूड धाग्याचं बारीक सूत निघत नाही. गिरणीवाल्यांनी असल्या कापसाकडे पाहिलंही नसतं.

साहेब आले. फाइल उघडून पेन काढलं.

"साहेब, सही करू नका."

"का?"

मी सांगितलं.

"मग तिन्ही वर्षांची लांबी एकच कशी?"

"पहिल्या वर्षानंतर मोजली नव्हती."

"आणि हे आज कळलं तुम्हाला?"

"मला नाही. वेचणाऱ्या बाईला कळलं."

साहेबांनी स्वतः फणी घेऊन दहा सरक्या विंचरल्या. मी उभाच होतो. शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं.

सतराची ओळ रद्द झाली. तिची सरकी फार्मच्या बैलांनी खाल्ली. बेताची बोंडं आणि लांब धागा असलेली बाजूची ओळ पुढच्या वर्षी वाढवायला घेतली. नोकरीत माझं कायम होणं दोन वर्षं लांबलं.

बोंडं उभ्या उभ्या मोजता येतात. धाग्यासाठी बसावं लागतं. मी बसलो नव्हतो.