आईची वेगळी चूल

आईचे गुडघे मागानं खाल्ले, असं वडगावात सगळेच म्हणत. खड्ड्याच्या मागावर बसून, पायानं पावडी दाबत, तिनं उभा जन्म साड्या विणल्या. शेवटी शेवटी मोरीपर्यंत जायलाही तिला माझ्या बायकोचा खांदा लागायचा. ऑपरेशन सरकारी विम्यात फुकट होणार होतं, फक्त बीपीएल कार्ड पाहिजे होतं. ते आमच्याकडं आहे, असं मी समजत होतो.

कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, कार्ड रद्द झालंय. का, तर मी इन्कमटॅक्सचं रिटर्न भरलं होतं. मी जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला. पगारातून टॅक्स कापला गेला होता, तो परत मिळावा म्हणून भरलं. म्हणजे मला टॅक्स लागत नाही म्हणून सरकारनं पैसे परत दिले, आणि मी टॅक्सवाला म्हणून कार्ड काढून घेतलं. हे मी त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा सांगताना माझं मलाच कळेना.

तो वैतागला नाही, हेही खरं. आधी कन्नडात आणि मग मराठीत म्हणाला, "अण्णा, आईचं कार्ड वेगळं काढा. एकट्याच ऱ्हातात म्हणून अर्ज द्या. चौकशीला माणूस येईल. चूल वेगळी दिसली की झालं."

आमच्यात चूल वेगळी करायची तर चार जाणती माणसं बसवतात, भांडी मोजतात, बायका रडतात. मला त्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही. मी मागच्या खोलीत एक शेगडी, तवा आणि दोन डबे नेऊन ठेवले आणि आईला म्हटलं, "इचारलं तर वायली ऱ्हातो म्हणून सांग."

माणूस आला, शेगडी बघितली. आई म्हणाली, "व्हय, मी वायलीच ऱ्हातो." त्यानं लिहून घेतलं आणि गेला.

संध्याकाळी बायकोनं तिला जेवायला हाक मारली, तर आई शेगडीपाशी भिंतीला टेकून स्वतःची भाकरी थापत होती.

"आई, ते कागदापुरतं हुतं," मी म्हटलं.

"वाटण्या कागदावरच हुत्यात न्हवं रं? सरकारी माणसासमोर बोललो मी. आता खोटं कसं करू?"

ती रागावली होती की खरंच तसं समजत होती, मला उमगलं नाही. मी चिडलो, ओरडलो, मग लाज वाटली. बायको रोज तिच्या दारात भाजीची वाटी ठेवायची. आई ती वाटी धुऊन परत द्यायची, रिकामी नाही, चिमूटभर साखर घालून, परक्या घरी देतात तशी.

कार्ड आलं, तारीखही मिळाली. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आली. सही कोण करणार, तिनं विचारलं. मी पुढं झालो.

"आजी, हे कोण तुमचे?"

आईनं माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, थट्टाही नव्हती.

"शेजारचा हाय," ती म्हणाली. "लई करतोय माझं."

सिस्टरनं नात्याच्या रकान्यात तसंच लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. आईला आत न्यायला स्ट्रेचर येऊन थांबलं होतं. मी सही केली.